बैलाच्या पाठीवरचे घोडे

सुंबा बेट, वाईंगापूच्या पुढं, इंडोनेशिया
१६ मार्च २०२५

ताई,

पाया पडलो असं धरून चाल. दिवसभर वाकून वेल्डिंग करतो, आता कागदावर आणखी वाकवत नाही.

आईचा हुकूम मिळाला. फोनवर मी हवा मारतो, म्हणून यापुढं कागदावर लिहायचं. तू तिला वाचून दाखवणार आणि कागद पुरावा म्हणून पिशवीत ठेवणार. ठीक आहे. नववीत दोनदा बसलेल्या पोराकडून पत्रं मागवणारी बाई तालुक्यात एकच असेल. मी लिहिणार, रविवारी टेकडीवर चढणार, कारण रेंज तिथंच येते, आणि कागदाचा फोटो तुला पाठवणार, तो तू झेरॉक्सवाल्याकडून छापून घे. टेकडीवर घोडे चरतात. फोन हवेत धरून फिरणारा माणूस त्यांनी आता मान्य केलाय.

कामाचं विचारलंस. श्रीगोंद्यात शुगर फॅक्टरीच्या भोंग्याला कंटाळलो म्हणून सहा हजार किलोमीटर लांब आलो. इथं काय आहे? ऊस. उसाच्या मधोमध नवी शुगर फॅक्टरी. तिच्यात आपल्याकडूनच बोटीनं आलेला बॉयलर आणि बॉयलरला चिकटलेला मी. भोंगाही बसवलाय. वाजला की वाटतं, आत्ता आई म्हणेल, ऊठ, आठ वाजले.

आमच्या खोल्यांच्या शेजारी एक म्हातारी राहते. तिला सगळे रंबू म्हणतात, म्हणजे आपल्याकडं बाईसाहेब म्हणतात तसं. ती दिवसभर मागावर बसते आणि माझ्याकडं बघून काहीतरी पुटपुटते. तिनं एक कापड दिलंय. आमचे फोरमन गहिनीनाथ मिस्त्री सुट्टीवर नेवाशाला चाललेत, त्यांच्याकडं पाठवतोय. आईच्या पेटीत ठेवा. का दिलं, कसं दिलं ते विचारू नका. म्हाताऱ्या माणसांचं काय असतं, मनात आलं, दिलं.

परवा चार दिवस सुट्टी मिळाली. पश्चिमेकडं घोड्यांची जत्रा असते. दोन्हीकडून घोडेस्वार येतात आणि एकमेकांना भाले मारतात. लोक जखमी होतात आणि खूश होतात. आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखंच, फक्त घोडे जास्त चांगले. मजा आली.

तुझा,
कल्याण


श्रीगोंदा
२७ एप्रिल २०२५

चि. कल्यास,

आशीर्वाद तुझ्या अक्षराला. त्याला जास्त गरज आहे.

तुझे गहिनीनाथ मिस्त्री येऊन गेले. असली माणसं कुठून गोळा करतोस? दारात आले ते तोंड पाडून, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. आई म्हणाली, "या, कल्याचे मिस्त्री ना?" तर हे विचारतात, "तुम्ही कल्याणच्या कोण?" आई म्हणाली, "आई." त्यावर माणूस ओट्यावर बसला तो बसलाच. दोन तांबे पाणी प्यायले. मग आईच्या पाया पडले. थोड्या वेळानं परत पडले. चहा टाकला होता तो न पिताच कापड ठेवून निघून गेले. आई म्हणाली, ऊन लागलं असंल बिचाऱ्याला.

आता कापड. मी ब्लाउज शिवून घर चालवते, तेव्हा कापडातलं मला थोडं कळतं असं मी समजत होते. हे दोन पट्टे मधोमध जोडलेले आहेत. शिवण इतकी बारीक की घोड्याचं अर्धं तोंड इकडं, अर्धं तिकडं, तरी घोडा चुकत नाही. हे मान्य. पण अर्धे घोडे, कोंबडे आणि ते झिंगे उलटे आहेत, पाय वर. चुकलेला माल म्हणून म्हातारीनं तुझ्या गळ्यात घातला का? आणि एप्रिलमध्ये एवढं जाड कापड. आई म्हणाली, हे पांघरून माणूस उकडूनच जायचा.

पेटीत ठेवलं नाही. पंधरवड्यापूर्वी कर्जतला राहीमावशीच्या ओमचं लग्न झालं. आहेराला आईकडं काही नवं नव्हतं. जे होतं ते राहीमावशीनंच आपल्याला दिलेलं होतं, तिचंच तिला कसं द्यायचं? तुझं कापड दिलं. पुकारणाऱ्यानं माईकवरून सांगितलं, "रंगुबाईंकडून परदेशी चादर." मांडवात सगळ्यांनी माना वळवल्या. आईची मान तीन दिवस खाली आली नाही.

तुला वाईट वाटायचं कारण नाही. आहेराचं कापड आपल्याकडं कोण नेसतं? ते घडी न मोडता या लग्नातून त्या लग्नात जातं. तुझ्यासारखंच, एका जागी ठरत नाही.

तुझी,
ताई


सुंबा
११ मे २०२५

ताई,

वाचलं. टेकडीवर बसून वाचलं, म्हणून घोड्यांनीही ऐकलं.

उलट्या घोड्यांचं आधी सांगतो, कारण तू शिंपीण आहेस आणि तुला लाज वाटायला हवी. ते कापड खांद्यावर टाकतात. मग एक टोक छातीवर येतं, एक पाठीवर. दोन्हीकडचे घोडे सरळ उभे राहतात. उलटे घोडे नाहीत, उलटं धरणारे लोक असतात.

आणि हे घोडे कापडावर छापलेले नाहीत. मी रोज बघतो म्हणून सांगतो. आधी सूत ताणून घेतात. कापड अजून झालेलंच नसतं. त्या नुसत्या सुताला ताडाच्या पानाच्या चिंध्यांनी गाठी मारतात, हजारो गाठी, जिथं रंग नको तिथं. मग निळीत बुडवायचं, सुकवायचं, काही गाठी सोडायच्या, नव्या मारायच्या, मग तांबड्यात. तांबडा रंग बारतोंडीच्या मुळांचा. आपल्या बांधावर ते झाड असतं, शेळीही त्याला विचारत नाही. सगळं झालं की मग विणायचं. म्हणजे घोडा आधी सुतावर उभा राहतो आणि कापड त्याच्याभोवती नंतर येतं. एक गाठ सरकली तर घोड्याला पाचवा पाय. त्या कापडाला म्हातारीला दीड वर्ष लागलं. आमच्या बॉयलरला अकरा महिने लागले.

निळीच्या रांजणापाशी पुरुषानं जायचं नसतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. डोकावलो, तर म्हातारीनं वल्ह्यासारखं लाकूड घेऊन मला बॉयलरपर्यंत पळवलं. त्या रांजणाला रंग चढला नाही तो आजवर माझ्या नावावर आहे. पावसाला उशीर झाला तोही माझ्यामुळं, असं मार्ता म्हणते. मार्ता म्हणजे रंबूची मुलगी, तीही विणते.

अशी कापडं जोडीनं करतात, एक कमरेला, एक खांद्याला. तुमच्याकडं आलं ते जोडीतलं एक. दुसरं रंबूकडं आहे. असो. गेलं तर गेलं. इथं कोणी विचारणार नाही. कापड संपलंय असंच सगळे समजतात.

गहिनीनाथ मिस्त्री परत आलेत. रोज सकाळी सगळ्यांसमोर विचारतात, "काय कल्याण, आईची तब्येत कशी आहे?" आणि हसत नाहीत.

कल्याण


श्रीगोंदा
८ जून २०२५

कल्या,

"संपलंय असंच सगळे समजतात" म्हणजे काय? कापड काय तूप आहे संपायला? आणि मिस्त्रींनी आईची तब्येत विचारली तर त्यात हसायचं काय? तू काहीतरी लपवतोयस. मी तुला नाळेपासून ओळखते.

तुझ्या घोड्यांचा पुढचा मुक्काम कळवते. राहीमावशीनं ते पुणतांब्याला विहिणीला दिलं, मानाचं म्हणून. त्या सुमनबाई विहिणीच्या तक्रारी चालू होत्या की मानपानात काही दम नव्हता. आता परदेशी दम मिळाला.

आईला पत्र वाचून दाखवलं. दीड वर्षाचं ऐकून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या बाईनं एवढं दीड वर्साचं फुकट का दिलं, त्ये इचार त्याला." विचारते. का दिलं?

ताई


सुंबा
१३ जुलै २०२५

ताई,

हे पत्र आईला वाचून दाखवू नको. आधी एकटी वाच. मशीन बंद करून वाच, नाहीतर सुई बोटात जाईल.

रंबू गेली. गेल्या महिन्यात, दुपारी, मागावर बसलेलीच.

इथं मेलेल्या माणसाला घाई नसते. गुडघे पोटाशी घेऊन बसवतात, पोटातल्या बाळासारखं, आणि कापडांत गुंडाळतात, एकावर एक, वीस, तीस. मग घरातच ठेवतात. रोज पान-सुपारी पुढं ठेवतात. पाहुणे येतात, गप्पा मारतात, तिला सामील धरून. सगळं जमलं की पुरतात. सहा महिने लागोत, दोन वर्षं लागोत. म्हणजे आपल्या तहसीलमधली फाइल, फक्त मान जास्त.

तर रंबू बसलीय आणि मार्ता एका गोष्टीसाठी अडलीय. रंबूनं स्वतःच्या जाण्यासाठी एक जोडी बाजूला काढून ठेवली होती, सगळ्यात आतली, अंगाला लागणारी. त्यातलं एकच सापडलं. दुसरं कुठंय ते सगळ्यांना माहीत आहे. ते सहा हजार किलोमीटरवर माझ्या आईबरोबर जळालं.

आता सुई सोडलीस ना?

मार्चमध्ये मला घोड्यांच्या जत्रेला जायचं होतं. साहेब सुट्टी देईना. मी सांगितलं, आई वारली. चार दिवसांत घरी पोचणं होत नाही, समुद्रावर जाऊन विधी करतो म्हणालो. साहेबानं लगेच दिली, वर पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी रंबू आमच्या खोलीवर आली. दारात बसली आणि रडायला लागली. माझ्या आईसाठी, जिला तिनं कधी पाहिलं नाही. मग ते कापड माझ्या मांडीवर ठेवलं. मयताच्या घरी इथं रिकाम्या हातानं जात नाहीत. मार्तानं समजावलं, तुझ्या आईला गुंडाळ. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी जत्रेला गेलो. भाले बघितले. मजा आली असं मी तुला लिहिलं होतं. नव्हती आली.

परत करता येईना, ठेवून घेववेना, म्हणून मिस्त्रींच्या पिशवीत टाकलं. मिस्त्री समजत होते की ते सुतकाच्या घरी चाललेत, आणि इथल्यांना वाटलं, आईही इथल्यासारखी कापडासाठी थांबली आणि मग जळाली.

मला कोणी काही म्हणत नाही, हेच वाईट आहे. मार्ता म्हणते, दिलं ते चांगलंच दिलं, मी दुसरं विणते, आई थांबेल. ती रोज सकाळी आईच्या शेजारी बसून सुताला गाठी मारते. दीड वर्ष मारणार. आणि मी समोरून डबा घेऊन कामावर जातो.

ते कापड परत पाहिजे. पुणतांब्याहून आण. कसं ते तू बघ. मला इथून फक्त लाज पाठवता येते.

कल्याण


श्रीगोंदा
३ ऑगस्ट २०२५

श्री. कल्याण यांस,

तुम्ही आईला मारलंत ते वाचलं. दहावं-तेरावं कुठं केलंत? कावळा शिवला का? आम्हाला निदान सुतक तरी कळवायचं, मी गुढीपाडव्याला पुरणपोळी करून बसले.

इथं तुमची मयत आई आत्ता शेजारणीशी पाण्याच्या नंबरावरून भांडतेय. आवाज टेकडीपर्यंत येत असेल.

तुला कळतं का तू काय मागितलंस? आहेर परत मागायचा? आपल्याकडं लोक जमीन परत मागतात, दिलेली मुलगी माघारी आणतात, पण दिलेला आहेर कोणी मागितल्याचं मी ऐकलं नाही. तरी गेले. कर्जतला राहीमावशीकडं. शेंगदाणे भाजत होती. म्हटलं, मावशी, ते परदेशी कापड, जरा घोटाळा झालाय. ती म्हणाली, "कसला घोटाळा?" मला खरं सांगता येईना. म्हटलं, कल्यानं चुकून दुसऱ्याचं पाठवलं. ती म्हणाली, "मंग त्याला सांग, चुकून दुसरं पाठव. मी विहिणीच्या दारात जाऊन म्हनू का, बाई, दिलेला मान काढून द्या? माझी सून नांदायचीय तिथल्या नावावर." आणि शेंगदाणे हलवत राहिली. निघताना मला एक ब्लाउजपीस दिला. तो मीच दोन वर्षांपूर्वी तिला दिला होता.

आईला मी काही सांगितलेलं नाही. पत्रातलं अर्धंच वाचलं, म्हातारी गेली एवढंच. आई म्हणाली, "आणि मधला कागद का दुमडला?"

मी थकले. दीड वर्ष बघ मार्ताकडं.

ताई


सुंबा
१० ऑगस्ट २०२५

ताई,

थोडक्यात लिहितो. मार्ताच्या पहिल्या पट्ट्यात तीन घोड्यांच्या गाठी झाल्यात. काल तिनं मला विचारलं, तुझ्या आईला जाळताना कापड पूर्ण जळालं ना, अर्धवट राहिलं तर चांगलं नसतं. मी म्हटलं, पूर्ण जळालं. नंतर जेवण गेलं नाही.

आईला सांग. तिनं मला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझ्यानं होत नाही, माझ्यानं होत नाही, तिच्यानंच होईल.

कल्याण


श्रीगोंदा
३१ ऑगस्ट २०२५

कल्या,

बस आणि वाच. कापड मिळालं.

तुझं पत्र येऊन दहा-अकरा दिवस झाले तेव्हा कुठं आईसमोर बसले आणि म्हटलं, आई, एक सांगायचंय. ती म्हणाली, "कल्यानं मला तिकडं मारलंय, त्येच ना?" मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, "त्यो मिस्त्री मला बघून दोनदा पाया पडला तवाच समजले. साळंत असताना ह्यानं दोन आज्ज्या चारदा मारल्या. आता घरात दुसरं कोन उरलंय मारायला?"

मग मी सगळं वाचून दाखवलं, तो दुमडलेला कागदसुद्धा. रंबू दारात येऊन रडली ते तिनं दोनदा वाचायला लावलं. तुझ्या लबाडीबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, "उद्या पोळा हाय. पोळ्याला कुनाच्या दारात भांडायला जाऊ नये. परवा जाऊ."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीनं नगरवरून पुणतांब्याला गेलो. वाटेत मी तिला शिकवत होते की मावशी असं म्हणाली, तू तसं म्हण. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

व्याह्यांच्या गोठ्यात शिरलो आणि मी आईचा पदर ओढला. तुझं कापड गोठ्याच्या भिंतीवर वाळत घातलेलं. व्याही रंगनाथराव भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. सर्जा बैलाची झूल जुनी झाली होती म्हणून पोळ्याला हेच पाठीवर टाकलं. घोड्यांचं चित्र, जनावराला शोभतं म्हणाले. मिरवणुकीत पहिला नंबर आला. शिंगांना लावलेलं नारिंगी वार्निश ओलं होतं, ते एका कोपऱ्याला लागलंय, दोन बोटांएवढं.

सुमनबाईंनी चहा दिला. आई म्हणाली, "विहीनबाई, त्ये कापड न्यायला आले."

"आहेर माघारी न्यायची पद्धत आहे व्हय तुमच्यात?"

"न्हाई. आहेर तुमचा तुमालाच. ह्ये आहेराचं नव्हतंच. घोटाळ्यानं मांडवात आलं."

"मंग कशाचं हुतं?"

आईनं चहाचा घोट घेतला. "माझ्या मौतीचं हाय. माझ्या अंगावर घालायचं."

कल्या, मी आयुष्यात रंगनाथरावांना एवढ्या चपळाईनं भिंत सोडताना पाहिलं नाही. सुमनबाईंचा हात कपाळाला. त्या म्हणाल्या, "आन आमी त्ये सर्जाच्या पाठीवर..."

रंगनाथराव म्हणाले, "सर्जाला काय होनार न्हाई ना?"

"न्हाई हो," आई म्हणाली. "माझा नंबर त्याच्या आधीचा हाय."

कापड सुमनबाईंनी काठीनं उतरवलं. वर नारळ दिला, एसटीत बसवून द्यायला गडी पाठवला आणि आम्ही फाटक ओलांडेपर्यंत गोठ्यात गोमूत्र शिंपडलेलं मी पाहिलं. बातमी आमच्या आधी कर्जतला पोचली. दुसऱ्या दिवशी राहीमावशी स्वतः आली, पिशवीत चार साड्या आणि एक टॉवेल. म्हणाली, "अक्का, तू गेल्या दहा वर्सांत दिल्यालं सगळं आनलंय. ह्यात आनखी तुझ्या मौतीचं काय असंल तर काढून घे."

म्हणजे तू एक लबाडी केलीस आणि आपल्या घरी दहा वर्षांचा आहेर परत आला.

कापड मी पाण्यात घातलेलं नाही. वार्निश काढायचा प्रयत्नही केला नाही, दीड वर्षाच्या रंगाला माझा हात लागायला नको. श्रीगोंद्याचा राम वेल्डर पुढच्या आठवड्यात तुमच्या साईटवर येतोय, त्याच्याकडं देते. सोबत आणखी एक गाठोडं आहे, ते आईचं. त्याबद्दल ती स्वतः सांगतेय, मी फक्त लिहिते:

"कल्या, माझ्या पेटीत तळाला माझं इरकली लुगडं हुतं. माझ्या आईनं मला दिलेलं. ह्या शीलाला, तुझ्या ताईला, सांगून ठिवलं हुतं का मी गेले की त्येच नेसवा. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. माझ्या माहेराला आता कोन राहिलं न्हाई, राही बी दिल्या घरची. ही बाई माझी मौत ऐकून कापड घिऊन आली, रडली. हे काम माहेरच्या माणसाचं. म्हंजी ती माझ्या माहेरची झाली. तवा तिला माझ्याकडनं माहेरचं लुगडं जायला पायजे. तिनं तिच्यातलं दिलं, मी माझ्यातलं देते. तू काय सांगायचंय त्ये तिच्या पोरीला सांग. सगळ्यांसमोर सांग. आन सांगताना मी जित्ती हाय ह्ये आधी सांग, न्हाईतर ती परत रडंल."

एवढं सांगून ती उठली. आत्ता पाण्याचा नंबर तिचा आहे.

ताई


सुंबा
५ ऑक्टोबर २०२५

ताई,

राम पोचला. दोन्ही गाठोडी मिळाली. चार दिवस मी ती खाटेखाली ठेवली. कापडाला सवय झालीय म्हणा, कुठंही मुक्काम करायची.

पाचव्या दिवशी गेलो. गहिनीनाथ मिस्त्री बरोबर आले. साक्षीला आलो म्हणाले, पण मला वाटतं मजा बघायला. रंबूच्या घरी वीस-पंचवीस माणसं होती, मधे रंबू बसलेली, गुंडाळलेली, समोर ताजं पान. आईनं सांगितलं तसंच केलं. आधी म्हटलं, माझी आई जिवंत आहे. त्यांच्या भाषेत मला अजून नीट बोलता येत नाही, म्हणून ते असं झालं असावं की माझी आई परत जिवंत झाली. दोन म्हाताऱ्या उठून बाहेर गेल्या. मिस्त्रींनी दुरुस्त केलं. मग मी जत्रेपासून सगळं सांगितलं, बैलापर्यंत.

 मार्तानं कापड उलगडलं. वार्निशचा डाग बघितला, नखानं खरवडला, वास घेतला. विचारलं, हा रंग कशाच्या मुळाचा? म्हटलं, डब्याचा. आमच्या बैलाच्या शिंगाचा आहे. पहिला नंबर आला त्याचा. ती म्हणाली, हा रंग निघणार नाही. आणि मग, ताई, ती हसायला लागली. तिथं सगळे हसले. एक म्हातारा रंबूकडं तोंड करून मोठ्यानं सांगायला लागला. काय सांगतो म्हणून विचारलं, तर म्हणे, तिला ऐकायला कमी येतं, घोडे बैलावर बसून आले ते तिला सांगतोय.

मग आईचं लुगडं. मला वाटलं, ही माणसं याला काय समजणार. सगळ्यांनी हातोहात घेतलं, चिमटीत घासून बघितलं, सुलट-उलट केलं. मार्ता पदरापाशी थांबली. म्हणाली, हे इथं जोडलंय. मी म्हटलं, नाही, एकच लुगडं आहे. तिनं बोट ठेवून दाखवलं. पदराचं सूत वेगळं, अंगाचं वेगळं, आणि एकेक दोरा एकेका दोऱ्यात अडकवलेला, शेकडो. ते लुगडं मी जन्मापासून बघतोय, त्याच्या पदराला नाक पुसलंय, मला हे कधी दिसलं नव्हतं. मार्तानं विचारलं, हे कोणी विणलं? मला सांगता आलं नाही. तुला माहीत असेल तर कळव. नसेल तर आपण दोघं सारखेच.

जोडी पूर्ण झाली. रंबूला आतून दोन्ही कापडं घातली आणि त्यांच्यावर आईचं लुगडं. आता फक्त बळी द्यायच्या म्हशी आणि लांबचे पाहुणे यायचे राहिलेत. डिसेंबरात पुरतील म्हणतात. तिथपर्यंत रोज सकाळी माझ्याकडून पान-सुपारी ठेवायची, असं ठरलंय. ठरलं म्हणजे मार्तानं ठरवलं. घरचा माणूस आहेस तर कर म्हणाली. साहेबालाही सांगितलं. त्यांनी चार दिवसांचा पगार कापला आणि आईला नमस्कार सांगितलाय.

मी मार्ताला म्हटलं, आता त्या गाठी सोडून टाक, जोडी मिळाली. ती म्हणाली, मारलेली गाठ रंग चढल्याशिवाय सोडत नाहीत. मग हे कापड कोणासाठी? ती म्हणाली, तुझ्या आईसाठी. तिनं तिचं दिलं, आता तिच्या पेटीत काय आहे? मी म्हटलं, आईला कसलीही घाई नाही. ती म्हणाली, मलाही नाही. दीड वर्ष लागेल. तू घेऊन जा, स्वतः. यावेळी कोणाच्या पिशवीत टाकायचं नाही.

परवा ती दोरी घेऊन आली. विचारलं, तुझी आई किती उंच आहे? मी हात वर-खाली केला, माझ्या खांद्यापाशी, मग छातीपाशी. तिला पटेना. म्हणाली, आईची उंची माहीत नाही आणि तिला मारून मोकळा झालास.

तेव्हा ताई, ब्लाउजचं माप घेतेस त्या टेपनं आईची उंची मोज आणि कळव. कशासाठी ते विचारेल. सांगून टाक. ताठ उभी कर, पाण्याच्या नंबरावर उभी असते तशी.

कल्याण